खालच्या ओळीतलं नाव

“वाच. तुझ्या नवऱ्याचं नाव कुठे आहे, दाखव मला.”

मोठ्या सरांनी ते पुस्तक माझ्या तोंडासमोर धरलं होतं. परदेशातून आलेलं इंग्रजी पुस्तक, गुळगुळीत पानांचं. मी चौथी शिकलेली. डिलाईल रोडला म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथी झाली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसले. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं. आताही येत नाही.

माझ्या हातात पेढ्यांचा खोका होता. मी उंबऱ्याच्या बाहेर उभी होते. आत या, असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रज्ञा तेव्हा पोटात होती. दादरचा तो जिना चढून मला धाप लागली होती. हॉलमध्ये सतरंजीवर सरांचे विद्यार्थी बसले होते. रविवारी सकाळी सर घरीच शिकवायचे. भिंतीला फळा होता, त्यावर अर्धवट लिहिलेलं काहीतरी होतं. हे माझ्या मागे चपला काढत होते.

सरांच्या पत्नीने दार उघडून विचारलं होतं, “पेढे कसले?”

मी म्हणाले होते, “ह्यांचं नाव छापून आलं ना, म्हणून.”

एवढंच बोलले. मी चारचौघांत बोलत नाही. बायकांच्या घोळक्यातसुद्धा मी नुसती ऐकत असते. त्या दिवशी आनंदाने तोंडातून निघून गेलं.

सर आतूनच म्हणाले, “नाव? कसलं नाव?” आणि पुस्तक घेऊन दारात आले.

मी पानाकडे बघत राहिले. अक्षरं दिसत होती, लागत नव्हती. आत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक जण. सर रागावले नव्हते. ते मजेत होते. त्यांनी पान खाली सरकवलं आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघ. इथे. आभार. हस्तलिखित सुवाच्य अक्षरात लिहून दिल्याबद्दल.” मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, “काय रे, बायकोला काय सांगून ठेवलंस?”

मग सगळे मोकळेपणाने हसले. पुढे बसलेली एक मुलगी तेवढी हसली नाही. ती खाली सतरंजीकडे बघत होती.

मी मागे वळले. ह्यांच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. तोंडावरचं रक्त उतरलं होतं. ह्यांनासुद्धा ते त्याच क्षणी कळलं होतं. माझ्याबरोबर. माझ्यामुळे.

सरांच्या पत्नीने खोका माझ्या हातातून घेतला नाही. “आमच्याकडे गोड कुणी खात नाही हो,” म्हणाल्या. आत टेबलावर बर्फीची बशी होती. मला दिसत होती.

हे माझे मालक गणिताचे प्राध्यापक होते. दादरच्याच एका कॉलेजात शिकवायचे. मोठे सर त्यांचे पीएचडीचे गाइड. पीएचडी म्हणजे काय, गाइड म्हणजे काय, हे मला लग्नानंतर कळलं. लग्नात माझ्या वडलांना एवढंच माहीत होतं की मुलगा मिलमध्ये नाही, कॉलेजात आहे. माझे वडील मिलमध्ये होते. ह्यांचेही होते. आमच्या चाळींमधून तोवर कुणी प्राध्यापक झालेलं नव्हतं. सगळी चाळ ह्यांना प्रोफेसर म्हणायची. दूधवालासुद्धा.

खोली एक. सासूबाई, दीर आणि आम्ही. टेबल ठेवायला जागा नव्हती. हे ओट्यावर गणित करायचे. स्वयंपाकाच्या ओट्याला काळा कडप्पा होता. तो पुसून, कोरडा करून, हे त्यावर खडूने लिहायचे. मी भाकरी थापायला गेले की म्हणायचे, “अगं थांब, एवढी एक ओळ.” एका ओळीच्या दहा व्हायच्या. पीठ मळून ताटात तसंच. सासूबाई ओरडायच्या, “अरे प्रोफेसर, पोटात काय आकडे घालू का?” हे हसायचे आणि मग चिडून सगळं पुसून टाकायचे. पुन्हा लिहायचे. पुन्हा पुसायचे. माझ्या भाकऱ्यांना खडू लागलेला असायचा.

तो प्रश्न सरांनी दिलेला होता. सर स्वतः त्याच्या मागे फार वर्षं होते, त्यांना सुटला नव्हता. असं मला ह्यांनीच सांगितलं. आणि एका सकाळी हे ओट्यापाशी उभे राहिले आणि पुसायचं थांबले. मी मागे तवा घेऊन उभी. ह्यांनी मागे वळून बघितलं, पण मी त्यांना दिसत नव्हते. डोळे भरलेले. म्हणाले, “झालं.” मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “सुटलं गं.” त्या दिवशी मी ओट्यावर भाकरी थापली नाही. खाली जमिनीवर परात घेऊन बसले. ते लिहिलेलं ह्यांनी कागदावर उतरवून घेतलं, मग दोन दिवस तसंच राहू दिलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

पुढे हे म्हणाले, सरांचं आणि माझं नाव मिळून छापून येणार. परदेशात. आणि माझं नाव पहिलं.

पहिलं! मी ऐकलं आणि खाली हिरामावशीकडे गेले. हिरामावशी आमच्या खालच्या मजल्यावरची, तिला सांगितलं म्हणजे चाळीला सांगितलं. मी म्हणाले, गुरूच्या आधी ह्यांचं नाव. मावशी म्हणाली, “म्हणजे गुरूच्या वर गेला की गं!” मी संध्याकाळपर्यंत मजल्यावर पेढे वाटले. हे घरी आले तर लोक जिन्यातच हात मिळवायला उभे. “प्रोफेसर, सरांना मागे टाकलंत म्हणे!” ह्यांना काही कळेना. कळलं तेव्हा कॉटवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“अगं वेडे, गणितात नावं बाराखडीने लागतात. इंग्रजी बाराखडी. आपलं आडनाव बी. सरांचं एस. बी आधी येतो, म्हणून मी आधी. कोण मोठा, कोण लहान, कुणी जास्त केलं, कुणी कमी केलं, त्याचा संबंध नाही. दुसऱ्या शास्त्रांत असतो. आमच्यात नाही.”

मी ओशाळले. वाटलेले पेढे परत घेता येत नाहीत.

ते बघून हे म्हणाले, “ओशाळतेस काय? मला तर ह्यासाठीच गणित आवडतं. इथे पुढे कोण आणि मागे कोण, हे अक्षर ठरवतं.”

नवे पेढे घेऊन सरांकडे जायचं ह्यांनीच ठरवलं. छापून आलंय, असा सरांचा निरोप होता. काय छापून आलंय ते निरोपात नव्हतं.

त्या दिवशी दादरहून आम्ही परळमार्गे चालत आलो. हे पुढे, मी मागे. खोका ह्यांच्या काखेत. परळला मी म्हणाले, “अहो, सरांना विचारा तरी.” हे न थांबता म्हणाले, “पीएचडी त्यांच्या सहीवर आहे.” चाळीच्या जिन्यात हिरामावशी भेटली. “काय रे, काय म्हणाले गुरुजी? खूश झाले ना?”

हे म्हणाले, “खूप खूश झाले मावशी.” आणि खोका उघडून तिच्यापुढे धरला.

मला त्या दारातल्या हसण्याचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. स्वतःच्या माणसांशी खोटं बोलायची वेळ आली ह्यांच्यावर. आणि ते हसून बोलले.

पीएचडी पुढे झाली. दुसऱ्याच विषयावर. सरांनी दिलेला हलका विषय, असं हे एकदाच म्हणाले. त्यानंतर ओट्यावर खडू लागला नाही. मी मुद्दाम ओटा पुसून कोरडा करून ठेवायचे. काही दिवस ठेवला. हे पाणी प्यायला यायचे, कडप्प्याकडे बघायचे आणि जायचे. शेवटी मी तिथे डबे मांडले.

कॉलेजात तीस वर्षं शिकवलं असेल. मुलांना आवडायचे. मुलं चाळीत यायची, गॅलरीत बसून शंका विचारायची, मी चहा करायचे. स्टाफरूममध्ये मात्र वेगळं. वरच्या वर्गाचे विषय दुसऱ्यांना, ह्यांना पहिलं वर्ष. ह्यांनी विचारलं की तिथले लोक सांगायचे, “पहिल्या वर्षाला तुमच्यासारखा समजावून सांगणारा हवा.” ह्यांच्या पाठीमागे म्हणायचे, कोट्यातला. पाठीमागे म्हणजे इतक्या जवळ, की ऐकू यावं. ह्यांनी ते घरी कधी सांगितलं नाही. एकदा मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा माझ्याच कानावर पडलं. मी डबा टेबलावर ठेवला आणि परत आले. संध्याकाळी हे म्हणाले, “आज भाजी छान होती.” आमच्या घरात असंच चालायचं. दोघांनाही माहीत, आणि दोघंही गप्प.

रविवारी विहारात मुलांना शिकवायचे. तिथे आवाज मोठा व्हायचा. तिथे विनोद करायचे. मी बाहेर चपलांपाशी बसून ऐकायचे. मला गणित कळत नव्हतं, पण आवाज कळायचा. तो माणूस कॉलेजातल्या माणसापेक्षा वेगळा होता.

प्रज्ञा गणितातच गेली. ह्यांनी सांगितलं नव्हतं. तिला ते आलं, वडलांकडून. एम.एस्सी.ला असताना एक दिवस धावत आली. “पप्पा, आज वर्गात काय शिकवलं माहितीय? कसलं सुंदर आहे!” आणि तिने सरांचं नाव घेतलं. त्या प्रश्नाच्या उत्तराला आता सरांचं नाव लागलेलं होतं. पुस्तकात तसंच होतं. मुलं परीक्षेला सरांच्या नावाने ते लिहायची.

मी कांदा चिरत होते. माझा हात थांबला. मी ह्यांच्याकडे बघितलं.

हे उठले. ओट्यावरचे डबे बाजूला केले. “खडू आहे का गं?” मला नाही, प्रज्ञाला विचारलं. आणि लिहायला लागले. पुस्तक न बघता. एकेक ओळ तिला समजावून सांगितली. “इथे माणूस आधी असा जातो. वाटतं हेच बरोबर. पण पुढे अडतो. मग मागे यायचं.” प्रज्ञा म्हणाली, “हे मागे यायचं पुस्तकात नाहीये पप्पा.” हे म्हणाले, “पुस्तकात नसतं ते.” सगळं संपलं तेव्हा हे बराच वेळ त्या कडप्प्याकडे बघत होते. पोरगी म्हणाली, “सर ग्रेट आहेत ना?” हे म्हणाले, “प्रश्न त्यांनी शोधला होता. चांगला प्रश्न होता.”

ती झोपल्यावर मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, “तिला सांगायचं नाही. ती ह्याच गावात राहणार आहे. सरांचे विद्यार्थी सगळीकडे आहेत. तोंड उघडायचं नाही.”

मी उघडलं नाही.

हे गेल्या वर्षी गेले. निवृत्तीला थोडीच वर्षं झाली होती. प्रज्ञा तेव्हा ह्यांच्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. तासिकेवर म्हणजे तास घ्यायचे, नोकरी नाही. मे महिन्यात ती कुणीच नसते, जूनमध्ये पुन्हा बोलावतात. पीएचडी झालेली. गणित विभागात एक कायम जागा रिकामी होती. राखीव. ती प्रज्ञाला मिळेल असं सगळे म्हणत होते.

कॉलेजने शोकसभा ठेवली. मला आणायला गाडी पाठवली. प्राचार्य मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांना बघितलं आणि मी ओळखलं. सतरंजीवर पुढे बसलेली मुलगी. तीच, न हसलेली. केस पांढरे झाले होते, पण खाली बघायची पद्धत तीच.

“वहिनी, या ना,” म्हणाल्या आणि मला बाजूला ऑफिसात नेलं. “शेवटी तुम्ही दोन शब्द बोलायचे आहेत. मी लिहून आणलंय. मोठ्या अक्षरात छापलंय बघा, म्हणजे तुम्हाला वाचायला सोपं जाईल.”

मी रोज पेपर वाचते. बारीक अक्षरातला. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

कागदावर लिहिलं होतं: मोठ्या सरांनी माझ्या पतींना हाताला धरून वर आणलं. सरांच्या आशीर्वादामुळे आमच्या कुटुंबाला हे दिवस दिसले. मी सरांची आणि कॉलेजची ऋणी आहे.

मी वाचेपर्यंत मॅडम थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “प्रज्ञाच्या जागेचं आमच्या लक्षात आहे बरं का वहिनी.”

सभेत मोठे सर आले होते. चाकाच्या खुर्चीत. खूप थकलेले. हात कापत होते. खरं सांगते, मला त्यांची दया आली. ह्यांचा फोटो टेबलावर होता, हार घातलेला. सरांच्या तोंडापुढे माइक धरला.

ते म्हणाले, “तो माझा विद्यार्थी. फार प्रतिभा होती असं मी म्हणणार नाही, पण कष्टाळू. आणि अक्षर! मोती. माझ्या त्या निबंधाची स्वच्छ प्रत त्यानेच केलेली. गणित करणारे पुष्कळ भेटतात हो. मनापासून लिहून काढणारा भेटत नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. प्रज्ञाही वाजवत होती. बापाचं कौतुक चाललंय असं तिला वाटलं.

माझं नाव पुकारलं. म्हणजे नाव नाही, “वहिनी” म्हणाले. मी उठले. माइकसमोर उभी राहिले तेव्हा समोर सगळी शिकलेली माणसं. मी कागद उलगडला. पहिल्या ओळीत होतं, हाताला धरून. मी ते वाचायला तोंड उघडलं. आणि मला वाचता येईना. अक्षरं एवढी मोठी होती, तरी येईना.

मी म्हणाले, “ते लिहून काढत नव्हते.”

माझा आवाज मलाच ऐकू आला. लहान होता. माइकने मोठा केला.

“ते करत होते. आमच्या ओट्यावर. मी बघितलंय. लिहून काढणारा माणूस एवढं पुसत नाही. ते सारखं पुसायचे. सरांनी ह्यांचं नाव काढून टाकलं. बी आधी येतो. ह्यांचं नाव आधी यायला हवं होतं. आणि सरांना ते माहीत आहे. मॅडमना पण माहीत आहे. त्या होत्या तिथे.”

आणखी काही बोलायचं होतं का, आठवत नाही. माइक बंद झाला होता. कुणी बंद केला, बघितलं नाही. सरांनी कानामागे हात नेऊन शेजारच्याला विचारलं, “काय म्हणतेय ती?” तो म्हणाला, “काही नाही सर, भावनाविवश झाल्यात.” आणि पुढचे गृहस्थ बोलायला उभे राहिले. त्यांनी ह्यांच्या वक्तशीरपणाबद्दल सांगितलं.

आभाळ कोसळलं नाही. कुणाची मान खाली गेली नाही. चहा झाला.

प्रज्ञा घरी आल्यावर बोलली. “पप्पांनी मला का नाही सांगितलं?” मी म्हणाले, “तुझ्यासाठी.” ती म्हणाली, “मग तू का सांगितलंस? तेही आज? तेही तिथे?” ठरवून केलेलं नव्हतं.

महिन्याभराने मुलाखती झाल्या. प्रज्ञा पांढरी साडी नेसून गेली होती. संध्याकाळी आली, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “एकही उमेदवार योग्य आढळला नाही.” सरकारी भाषेत. जागा तशीच रिकामी. जूनमध्ये तासिकाही दिल्या नाहीत. आता ती गिरगावात एका खाजगी क्लासला शिकवते, बारावीच्या मुलांना. सकाळी निघते, काळोख पडल्यावर येते.

मग मॅडमचा फोन आला. माझ्या मोबाइलवर.

“वहिनी, पुन्हा जाहिरात काढतोय आम्ही. मीच जोर लावलाय. फक्त एक करा. सरांच्या घरी एकदा या माझ्याबरोबर. त्यांच्या पाया पडा. झालं. काही बोलायची गरज नाही. म्हातारा माणूस आहे, दुखावलाय. त्यांची माणसं समितीत असतात, तुम्हाला माहीत नाही.”

मी विचारलं, “मॅडम, तुम्ही होता ना त्या दिवशी?”

मग म्हणाल्या, “होते. मला सगळं माहीत आहे वहिनी. म्हणूनच सांगतेय. मी त्या दिवशी बोलले असते तर आज ह्या खुर्चीत नसते. आणि प्रज्ञासाठी फोन करायला कुणीच नसतं.”

उद्या सांगते, म्हणून मी फोन ठेवला. त्या बाईला मी वाईट म्हणू शकत नाही. ती खोटं बोलत नव्हती. पण तिचं ऐकताना मला हे आठवले. पीएचडी त्यांच्या सहीवर आहे. मग नोकरी कुणाच्या तरी सहीवर. मग बढती. मग पोरीची जागा. सही करणारा हात बदलतो आणि आपण आपले थांबलेले. आयुष्य संपलं ह्यांचं थांबण्यात.

संध्याकाळी प्रज्ञाला सांगितलं. ती जेवत होती. मान वर न करता म्हणाली, “मग जा ना आई. पाच मिनिटांचं काम आहे.”

सरांचं पुस्तक तोंडासमोर होतं तेव्हासुद्धा एवढं लागलं नव्हतं. पोटची पोर म्हणतेय, जा. आणि चुकीचं काय म्हणतेय? तिचं वय निघून चाललंय. बारावीच्या पोरांना तेच तेच शिकवून घसा बसतो तिचा. मी वाकले तर तिला जागा मिळेल. मिळेलच असं नाही, पण मिळेल. कोणती आई वाकणार नाही?

मी तिला विचारलं, “प्रज्ञा, तू ते गणित शिकलीस. मला कळत नाही, तुला कळतं. ते पप्पांचं होतं, हे खरं की खोटं?”

तिने घास खाली ठेवला. “खरं. त्यांनी मला शिकवलं तेव्हाच मला वाटलं होतं. कुठे चुकायला होतं ते त्यांना माहीत होतं. दुसऱ्याचं वाचलेल्याला ते माहीत नसतं.” मग चिडून म्हणाली, “पण खरं आहे म्हणून जागा मिळते का? सांग ना. मिळते?”

“नाही मिळत.”

“मग?”

“मग काही नाही. मी पाया पडले तर ते खोटं होईल. एवढंच मला कळतं. तू गेलीस तर मी अडवणार नाही. तुझं तू ठरव. मी जाणार नाही.”

ती ताट तसंच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिली.

सकाळी मी स्वतः मॅडमना फोन लावला. मी आपण होऊन कुणाला फोन करत नाही. लावला. म्हणाले, “मॅडम, मी येणार नाही. मी बोलले ते खरं होतं. तुम्हालाही माहीत आहे. प्रज्ञाचं काय ते तिला विचारा.”

त्या म्हणाल्या, “मुलीचं नुकसान करताय तुम्ही.”

मी म्हणाले, “नुकसान तुम्ही करताय. मी फक्त आता त्यात तुम्हाला मदत करत नाही.”

ते वाक्य मला कुठून सुचलं, माहीत नाही. फोन ठेवल्यावर मी बसूनच राहिले. रडले. खूप रडले. ह्यांनी तोंड उघडू नको म्हणून सांगितलं होतं. मी दुसऱ्यांदा उघडलं होतं.

प्रज्ञा माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलत होती. चहा दे, किल्ली कुठे आहे, एवढंच. मी समजावायला गेले नाही. ती सरांकडे गेली की नाही, तेही विचारलं नाही. परवा क्लासवरून आली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

“मी मुलाखतीचे गुण मागितलेत. माहितीच्या अधिकारात. ते देणार नाहीत लवकर. मग राखीव जागांचं बघतो त्या आयोगाकडे तक्रार करायची आहे. जागा तर गेलीच समज. दुसऱ्या कॉलेजातही कुणी उभं करणार नाही मला. तक्रार करणारी म्हणून नाव होईल.”

“हो.”

“तिथे तुला यावं लागेल. सभेत बोललीस ते सगळं त्यांच्यासमोर पुन्हा सांगावं लागेल. ते उलटसुलट विचारतील. चौथी शिकलेल्या बाईला गणितातलं काय कळतं, असं म्हणतील. हसतील.”

“हसू देत.”

“पप्पांबद्दलही वाईट बोलतील.”

मी म्हणाले, “बोलू देत. ते आता ऐकत नाहीत. मी ऐकेन.”

तिने माझ्याकडे बघितलं. ती काही माझ्या गळ्यात पडली नाही. डोळे कोरडे होते. उठून आत गेली.

मला कायदा माहीत नाही. आयोग कसा असतो माहीत नाही, किती माणसं बसतात, उभं राहून बोलायचं की बसून, काही माहीत नाही. काही मिळेल असंही मला वाटत नाही. पण ह्या पोरीला तिची जागा का गेली ते पूर्ण माहीत असेल. ह्यांनी एकट्याने गिळलं तसं तिला एकटीने गिळावं लागणार नाही. मी दुपारी खोलीत कुणी नसताना दार लावून घेते आणि ते सगळं मोठ्याने म्हणून बघते. सरांचं नाव घेऊन. मॅडमचं नाव घेऊन. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये आवाज कापतो. कापू दे. मी थांबत नाही.